बर्फोबांचे चार दात

बर्फोबा बर्फावर उतरण्याआधी आपले वरचे पुढचे चार दात काढून माझ्या हातात द्यायचे. हातात म्हणजे अगदी तळहातावर, ओलेचिंब. पहिल्या दिवशी तर मी ओरडलोच. दोहातल्या एका मॉलमध्ये बर्फाचा रिंक आहे, तिथं मला नोकरीला लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. आणि हा सहा फुटी, लालबुंद, पांढऱ्या भुवयांचा माणूस समोर उभा राहतो काय, तोंडात बोटं घालतो काय, टक् असा आवाज होतो काय आणि चार दात माझ्या हातावर येतात काय! "सांभाळ," असं काहीतरी तो इंग्रजीत म्हणाला, पण दातांच्या जागी खिंडार पडल्यामुळे शब्दांपेक्षा वाराच जास्त बाहेर आला. मी घाईघाईनं माझा चहाचा स्टीलचा ग्लास पुढे केला, दात त्यात टाकले आणि तीन वेळा हात धुतले. पुढची सहा वर्षं तो ग्लास दातांचाच राहिला. मला चहासाठी दुसरा आणावा लागला.

बर्फोबा हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. ते स्लोव्हाकियाचे. त्यांचं नाव घ्यायला गेलं की माझी जीभ मध्येच अडखळायची, म्हणून सगळ्यांसारखं मीही त्यांना 'कोच' म्हणायचो. बर्फोबा हे बारसं केलं शिंदेनं. शिंदे आमच्या कंपनीच्या मिनीबसचा ड्रायव्हर, माण तालुक्यातला. खेळाडूंच्या सामानाच्या बॅगा घेऊन तो भल्या सकाळी यायचा. कोच बर्फावर पाऊल टाकण्याआधी काठाशी गुडघे टेकून बसत, बोटाच्या पेरानं बर्फावर तीनदा टकटक करत आणि कान लावून ऐकत. शिंदेनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढून चक्क हात जोडले. "सलीमभाई, हे तर बर्फोबा! नवसाला पावत्यात का इचारा की जरा." मी कोचना समजावून सांगितलं, की आमच्या गावाकडे डोंगराचा देव असतो, रानाचा देव असतो, तसे तुम्ही बर्फाचे. ते इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवसापासून शिंदे दिसला की स्वतःच छातीवर थाप मारून ओरडायचे, "बर्फोबा!"

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येतं. ही हॉकी बर्फावरची. पायात धारदार पात्यांचे बूट, अंगावर गाद्या बांधल्यासारखं चिलखत, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, आणि वेग असा की पाहणाऱ्याची मान दुखावी. बर्फोबांची टीम मॉल उघडण्याआधी, सकाळी सरावाला यायची. तीत कोण नव्हतं! दोहातल्याच मदिनत खलीफा भागात राहणारा खालिद नावाचा कतारी इंजिनिअर गोलकीपर होता. जोई नावाची फिलिपिनो नर्स ड्यूटी संपवून थेट रिंकवर यायची. दोन कॅनेडियन मास्तर होते, केरळचा एक अकाउंटंट होता. यातल्या निम्म्यांनी दोहाला येईपर्यंत फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिला नव्हता.

बर्फ मी मात्र पाहिला होता, आणि माझी सगळी गुर्मी तिथंच होती. मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात माझी बारा वर्षं गेली. खाऱ्या पाण्याच्या टाकीत डबे बुडवून लाद्या गोठवायच्या, फोडायच्या, मासळीच्या बोटींवर चढवायच्या. रिंकवरचं तंत्रही तेच, खाली नळ्यांतून खारं थंड पाणी आणि वर गोठलेलं गोडं पाणी. बर्फातलं मला कोण काय शिकवणार, अशा ताठ्यात मी कामाला लागलो आणि तिसऱ्याच दिवशी तोंडावर आपटलो. रिंक सपाट करायची एक गाडी असते. ती पात्यानं वरचा चुरा खरवडते आणि मागून पाण्याचा पातळ थर सोडत जाते. ते पाणी चांगलं कढत भरायचं, असं मला सांगितलेलं होतं. कढत! बाहेर दोहाचा उन्हाळा, आत बर्फ टिकवताना आमचा जीव मेटाकुटीला येतो, आणि त्याच्यावर कढत पाणी ओतायचं? सांगणारा वेडा असणार, असं ठरवून मी गुपचूप थंड पाणी भरलं.

बर्फोबांनी तीनदा टकटक केली आणि मान वळवली. "सलीम! याला थंड पाणी कुणी पाजलं?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तो कुरकुरतोय. कढत पाणी वरचा थर थोडा वितळवतं, प्रत्येक ओरखड्यात शिरतं आणि घरचं होऊन राहतं. थंड पाणी वर नुसतं पाहुण्यासारखं बसतं."

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा शहाणपणा केला आणि तापमान बंदरावरच्या सवयीनं चांगलं खाली नेऊन ठेवलं. जितका थंड तितका उत्तम, हे माझं बारा वर्षांचं ज्ञान. बर्फ काचेसारखा झाला, पात्यांखाली त्याचे टवके उडायला लागले. त्या वेळी ते रागावले नाहीत, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी मासळी मेलेली असते, सलीम. माझी माणसं जिवंत आहेत. त्यांना धावायचंय." हे वाक्य मी घरी येऊन बायकोला, रुखसानाला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. पुढे मी घरात काहीही जरुरीपेक्षा जास्त केलं, भाजीत तिखट घातलं किंवा एसी वाढवला, की ती म्हणायची, "मासली मेलेली हाय का जित्ती, ता बघा आधी."

बर्फोबांची आणि माझी इंग्रजी दोन बाजूंनी लंगडी होती, त्यामुळे ती एकमेकींना धरून छान चालायची. बर्फोबांना अरबीतला 'यल्ला', म्हणजे 'चला', फार आवडे. सराव सुरू करताना यल्ला, संपवताना यल्ला, कुणी रडायला लागलं तरी यल्ला. 'इन्शाल्ला', म्हणजे 'अल्लाची मर्जी असेल तर', या शब्दाबाबत मात्र ते माझ्याशी कडक होते. "सहा वाजता बर्फ तयार?" असं त्यांनी विचारलं, की मी सवयीनं म्हणायचो, "इन्शाल्ला." ते बोट वर करून म्हणायचे, "त्याचं मला माहीत आहे. तो वेळेवर येतो. तुझं सांग." मला पहिल्यांदा राग आला होता. मग विचार केला, गडी खरंच बोलतोय, मी आळसाच्या वेळी तो शब्द पुढे करतो. तेव्हापासून मी त्यांना नुसतं "हो" म्हणायचो आणि पावणेसहाला बर्फ तयार ठेवायचो.

त्यांचं खेळाडूपण ऐकायचं तर प्लांटरूममध्ये, बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांच्या खोलीत बसून ऐकावं. डोंगरातल्या लहानशा गावात वडील लाकडाच्या गिरणीत कामाला होते, आणि गावच्या गोठलेल्या तळ्यावर हे चालायला लागल्याबरोबर खेळायला लागले. पुढे सतरा वर्षं व्यावसायिक हॉकी खेळले, पण सगळी दुसऱ्या फळीच्या संघांतून. आज या गावात, उद्या त्या गावात, बसमध्ये झोपून. सर्वात वरच्या लीगमध्ये एकच मॅच मिळाली, तीही कुणाचा तरी पाय मोडला म्हणून. "अकरा मिनिटं खेळलो," ते डोळे मोठे करून सांगत. "बाराव्या मिनिटाला काठी तोंडावर आली. चार दात त्या बर्फावर राहिले. लोक म्हणतात, तुला मोठ्या लीगनं ठेवून घेतलं नाही. खोटं! माझा थोडासा भाग त्यांनी ठेवून घेतला." आणि मग स्वतःच्याच विनोदावर ते असे हसत, की यंत्रांवरच्या गेजचे काटे हलतील असं वाटे. त्या अकरा मिनिटांची गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेन आणि प्रत्येक वेळी मला पुढे काय होणार याची उत्सुकता वाटायची.

कोच म्हणून त्यांची पहिली शिकवण पडण्याची. नवीन माणूस आला, की त्याला आठवडाभर काठी हातात मिळायची नाही. नुसतं पडायचं. उजवीकडे पडा, डावीकडे पडा, घसरत पडा, कोपर वाचवून पडा. मोठमोठे हुद्देदार सकाळी सकाळी धपाधप पडताना पाहणं हा माझा आणि शिंदेचा नाश्ताच होता. "पडायला मी शिकवतो," बर्फोबा ओरडायचे, "उठायचं तुमचं तुम्ही!" कुणी उठायला हात पुढे केला तर ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. जोई पहिल्या दिवशी इतकी पडली की तिनं बूट काढून फेकले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा बर्फोबांनी आपल्या हातानं तिच्या बुटांच्या नाड्या आवळल्या.

दात काढल्यावर त्यांना काही चावता यायचं नाही, आणि सराव संपताच सपाटून भूक लागायची. दात परत बसवण्याइतकाही धीर नसे. रुखसानाला हे कळलं तेव्हापासून शुक्रवारी बिन महमूद भागातल्या आमच्या घरून त्यांच्यासाठी सांदणांचा डबा यायला लागला. तांदळाची, नारळाच्या दुधातली, मऊ लुसलुशीत सांदणं. ते एकामागून एक अशी गट्ट करत, की आम्हाला मोजायची लाज वाटावी. रुखसाना त्यांना 'दातवाले' म्हणायची. "दातवाल्यांचा कंबरडा कसा हाय?" असं ती विचारायची, कारण तोवर त्यांचा डावा खुबा फारच कुरकुरायला लागला होता. डॉक्टर म्हणत, बर्फ सोडा. बर्फोबा म्हणत, "कुणी कुणाला सोडायचं ते आमचं आम्ही बघू."

आणि मग गेल्या वर्षी मॉलचे मॅनेजर एक दिवस इस्त्रीच्या सुटात रिंकवर आले. जागा मोठी आहे, माणसं मूठभर येतात, त्यापेक्षा इथं मुलांच्या छोट्या गाड्यांचा ट्रॅक बरा, असं त्यांचं म्हणणं. बर्फोबांनी त्यांना तिथल्या तिथं आव्हान दिलं. एक मॅच ठेवू द्या. दुबईहून टीम बोलावतो. बाक भरले तर रिंक राहील, नाही भरले तर खलास. मॅनेजर मनानं वाईट नव्हते, ते 'बघू' म्हणाले आणि ऑगस्टमधला एक शुक्रवार त्यांनी दिला, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतरची वेळ. मॅनेजर गेल्यावर बर्फोबा माझ्याकडे वळले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "सलीम, मला आयुष्यात एकच मोठी मॅच मिळाली होती. ही दुसरी!"

आता माझा प्रताप ऐका. मॅचच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी हिशेब मांडला. उद्या बाक भरणार, दिवे लागणार, माणसांची ऊब, वर ऑगस्टचा उकाडा. मग आजच थोडी थंडी साठवून ठेवली तर काय बिघडलं? बंदरावर आम्ही तेच करायचो, बोटींची गर्दी व्हायच्या आधी टाक्या शेवटच्या काट्यापर्यंत थंड करून ठेवायच्या. बर्फोबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. काटा खाली ओढला आणि मोठ्या समाधानानं घरी गेलो.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज पढून तडक रिंकवर आलो. दोन कॉम्प्रेसर मिळून एक घुमणारा आवाज करतात, तो दारातूनच ऐकायची मला सवय. त्या सकाळी एकच घुमत होता. दुसरा रात्रभर त्या उकाड्यात दमून, प्रेशर चढून बंद पडला होता आणि मोटर जळाल्याचा वास प्लांटरूमभर सुटला होता. सुटीचा दिवस, नवी मोटर रविवारशिवाय येणार नाही. एका कॉम्प्रेसरवर बर्फ तग धरेल, पण पूर्वेच्या गोलाजवळ छताला मोठी काच आहे, तिथून आठपासून दुपारपर्यंत ऊन थेट बर्फावर पडतं. तेवढा भाग दहापर्यंत खीर होणार, हे सांगायला बर्फोबांची गरज नव्हती.

फोन केला, ते आले. मी त्यांच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. ते लंगडत पूर्वेच्या टोकाला गेले, गुडघे टेकायला त्यांना बराच वेळ लागला, आणि त्यांनी टकटक केली. थप्, थप् असा ओल्या लाकडासारखा आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"थंडी साठवत होतास?" त्यांनी विचारलं. "मासळीसाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

मला वाटलं, आता गर्जना होणार. पण ते उठले आणि म्हणाले, "बंदरावर वीज गेली, की तू काय करायचास?"

"लाद्यांवर भुसा टाकायचो. वर गोणपाट."

"भुसा!" ते एकदम ओरडले. "माझे आजोबा तळ्यातला बर्फ भुशात पुरून ठेवायचे. जुलैपर्यंत राहायचा, जुलैपर्यंत! यल्ला, भुसा आण!"

दोहात शुक्रवारी सकाळी कुठला आलाय भुसा आणि कुठलं गोणपाट? मग मला माझ्याच घरातली खाट आठवली. गल्फमधून गावी जाणाऱ्या माणसाच्या सामानात एक वस्तू हमखास असते, दोघांनी उचलावं असं जाडजूड, गुळगुळीत ब्लँकेट, त्यावर एक तर वाघ नाही तर गुलाब. सुटी मिळेपर्यंत ते प्लॅस्टिकच्या चेनच्या पिशवीत खाटेखाली पडून असतं. प्रत्येकाच्या खाटेखाली! मी शिंदेला फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये जेवढी ब्लँकेटं असतील तेवढी गोळा करून आण.

"आवं सलीमभाई," शिंदे झोपेतून म्हणाला, "ह्या उन्हात कुणाला थंडी भरली?"

"बर्फोबांना!"

त्यानं लगेच फोन ठेवला. तासाभरात त्याची मिनीबस आली ती खिडक्यांपर्यंत ब्लँकेटांनी गच्च. बरोबर कॅम्पातले आठ-दहा जणही होते, कुणी साताऱ्याचा, कुणी बीडचा, कुणी बिहारचा. "आमच्यात दगडावर घोंगडं टाकून निजत्यात," शिंदे म्हणाला, "बरफावर घोंगडं टाकायची ही पयलीच येळ." खालिद घरून चार गालिचे घेऊन आला. आणि टॅक्सीतून उतरली रुखसाना. तिच्या हातात तिच्या आईसाठी घेतलेलं ब्लँकेट, पिशवीची चेनसुद्धा न उघडलेलं. दोन वर्षांनी ती माहेरी जाणार होती, ते त्यासाठीच ठेवलेलं. मी म्हटलं, हे राहू दे. ती म्हणाली, "आयेला मी दुसरा घेव. तुमी पसरा आधी, ऊन आला!"

आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या फाडून अंथरल्या, म्हणजे ब्लँकेटं बर्फाला चिकटायची नाहीत. वर एकावर एक ब्लँकेटं. ऊन आलं तेव्हा ते बर्फावर नाही, वाघांवर पडलं. अर्धा रिंक वाघ आणि गुलाबांनी भरून गेला होता आणि मधून बर्फोबा लंगडत फिरत होते, एखादं टोक उघडं दिसलं की पांघरूण सारखं करत होते. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजेची वेळ झाली तेव्हा माझा पाय निघेना. "जा," ते म्हणाले, "तुझा साहेब माझ्या साहेबापेक्षा मोठा आहे. मी राखण करतो." मी नमाजहून परतलो तेव्हा ते खुर्ची टाकून राखणदारासारखे बसले होते आणि शेजारी सांदणांचा डबा रिकामा होता.

असरनंतर पांघरुणं काढली. टकटक केली. टण्! थोडा बसका, पण टण्! मी गाडीत कढत पाणी भरायला निघालो तेव्हा बर्फोबांनी माझा दंड धरला. "कढत नको. एका कॉम्प्रेसरला सोसायचं नाही. आज थंड पाणी, तुझ्या पद्धतीनं. पाहुण्यासारखं बसलं तरी दोन तास बसेल." मग खालच्या आवाजात विचारलं, "टिकेल ना?" मी सवयीनं "हो" म्हणालो. ते म्हणाले, "आज इन्शाल्ला म्हण." मी म्हणालो. त्यांनीही म्हटलं.

बाक भरले का विचारता? कॅम्पातली माणसं आपापलं ब्लँकेट कसं कामी येतंय ते बघायला थांबली होती, त्यांनी फोन करून आणखी माणसं बोलावली. खालिदचं सगळं खानदान आलं, जोईच्या वॉर्डातल्या नर्सा आल्या, मॉलमधली पोरंबाळं आईबापांना ओढत घेऊन आली. बसायला जागा नाही म्हणून लोक वरच्या मजल्याच्या कठड्याला लटकले. बर्फोबांनी दात माझ्या हातावर ठेवले आणि काठावर जाऊन उभे राहिले. दुबईची टीम तगडी होती. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल बसले. मग आमच्या कॅनेडियन मास्तरांनी एक फेडला, त्यांनी तिसरा ठोकला, आम्ही दुसरा. पूर्वेच्या टोकाला बर्फ थोडा जड झाला होता, चकती तिथं मंदावायची. शिंदे माझ्या शेजारी उभा राहून "हाण! हाण!" असं इतकं ओरडत होता की त्याचा आवाज बसला.

शेवटचं मिनिट उरलं होतं. जोई चकती घेऊन डावीकडून सुटली. समोरून एक धिप्पाड गडी आला आणि त्यानं तिला अशी धडक दिली की ती हवेत उडाली. सगळे बाक उभे राहिले. ती पडली, पण कशी पडली! कोपर आत, अंग सैल, घसरत, काठी सुटू न देता, अगदी पहिल्या आठवड्यात बर्फोबांनी शेकडो वेळा पाडलं होतं तशी. आणि घसरता घसरताच तिनं काठी फिरवली. चकती गोलकीपरच्या पायांमधून आत गेली. तीन-तीन! तो गलका मी जन्मात विसरणार नाही. कॅम्पातली माणसं नाचत होती, रुखसाना टाळ्या वाजवत होती, मॅनेजर आपला कोट सावरत होते आणि हसत होते. आणि बर्फोबा दात नसलेलं तोंड उघडं टाकून रडत होते, भोकाड पसरून, अगदी मोठ्यानं.

रिंक राहिला. नवी मोटर आली. पुढच्या महिन्यात मुलांसाठी सकाळची आणखी एक तुकडी सुरू करावी लागली, आणि आता तिथं सगळी पोरं आठवडाभर नुसती पडत असतात. कॅम्पातली ब्लँकेटं उन्हात वाळवून ज्याची त्याला परत केली. रुखसानाच्या ब्लँकेटवरच्या वाघाचा एक कान फिका झाला, तरी तिनं आईसाठी तेच ठेवलं.

हिवाळ्यात बर्फोबांना मायदेशी परत जावं लागलं. खुबा बदलायचा होता, मुलगी तिकडून रोज फोन करत होती. निघायच्या दिवशी ते सकाळी रिंकवर आले, पण दात माझ्या हातावर ठेवले नाहीत. म्हणजे आज बर्फावर उतरणार नाहीत, हे मी ओळखलं. ते काही बोलतही नव्हते. तोंड मिटून सगळ्यांना मिठ्या मारत होते, मान हलवत होते. मला वाटलं, रडू फुटू नये म्हणून असेल. एकदा प्लांटरूममध्ये गेले, गेजच्या काट्यांवर नजर फिरवली, बाहेर येऊन माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि शिंदेच्या बसमध्ये जाऊन बसले. मी बस दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.

प्लांटरूममध्ये आलो आणि बघतो तर काय, फळीवर स्टीलचा ग्लास, ग्लासात पाणी, पाण्यात चार दात. मी हादरलोच. शिंदेला फोन लावला. "शिंदे, बस वळव! दात राहिले त्यांचे!"

"एअरपोर्टला टेकलो की आता," शिंदे घोगऱ्या आवाजात म्हणाला. "थांबा, त्यास्नीच देतो."

"सलीम," बर्फोबांचा आवाज आला. आवाज वेगळाच होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नावातला 'स' स्वच्छ ऐकू आला; जुने सैल दात बसवलेले असले तरी त्यातून वारा जायचाच. "मुलीनं हट्ट धरला. नवे पक्के बसवून घेतलेत, काल. सकाळभर तोंड मिटून होतो, तुला कळू नये म्हणून."

"पण हे इथं विसरलात!"

"विसरलो नाही. ठेवलेत. पहिल्या मोठ्या मॅचच्या बर्फावर चार ठेवले होते. दुसरीच्या बर्फापाशीही ठेवायला नकोत का?" आणि ते हसले, तेच गेजचे काटे हलवणारं हसू. "आणि ऐक, त्यांना कढत पाणी घालू नकोस. वाकतील."

फोन बंद झाला. मी ग्लास हातात घेतला. बाहेरून जोईची हाक आली, टीम बूट बांधून तयार होती, बर्फ कसा आहे ते विचारत होती. मी ग्लास फळीवर ठेवला, बाहेर आलो, काठाशी गुडघे टेकले आणि बोटाच्या पेरानं तीनदा टकटक केली.

"एकदम झकास," मी ओरडलो. "यल्ला!"